आढ्याचं पाणी

कराडला आमचं घर स्लॅबचं होतं. पाऊस पडला की गच्चीवरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खाली यायचं, आणि तेवढ्यावर आमचा त्या पाण्याशी संबंध संपायचा. लग्न होऊन चिपळूणजवळच्या सासरी आले तेव्हा पहिल्यांदा कौलारू घरात राहिले. त्या जूनमध्ये पडवीत बसून मी तासन्‌तास पागोळ्या बघायचे. पुढच्या पाख्यावरचं, म्हणजे छपराच्या उतारावरचं, पाणी अंगणात पडायचं आणि तुळशीला वळसा घालून पायवाटेच्या कडेनं खालच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळायचं. मागच्या पाख्यावरचं पाणी परसात, केळींच्या बुंध्यात जायचं.

एकदा पावसाआधी कौलं परतायला गडी आला होता. मी खाली शिडी धरून उभी. गळतंय का बघायला त्यानं आढ्यावरच्या, म्हणजे दोन पाखी जिथे मिळतात त्या माथ्यावरच्या, कौलावर तांब्यानं पाणी ओतलं. तांब्या एक, धार एक, पण कौलाच्या पाठीवर पडताक्षणी तिच्या दोन धारा झाल्या. एक वळचणीवरून माझ्या पायाशी आली. दुसरी घरापलीकडे गेली आणि मला पुन्हा दिसली नाही.

आढ्याचं पाणी वळचणीला गेल्याशिवाय राहत नाही, ही म्हण मी आईच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. आई ती पैशाच्या, नात्याच्या संदर्भात वापरायची. पाण्याच्या संदर्भात ती मला त्या दिवशी कळली. पाणी वळचणीला जातं हे खरंच, पण कुठल्या वळचणीला हे वरच, आढ्यावर, नखभर उंचवट्यानं ठरतं.

सह्याद्री हे असंच एक आढं आहे. तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर लांब. त्याची दोन पाखी मात्र विलक्षण असमान आहेत. पश्चिमेचं पाखं आखूड आणि जवळजवळ उभं, पूर्वेचं पार बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेलं. महाबळेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटरवर आहे. हवा स्वच्छ असली तर त्या बाजूच्या कड्यांवरून कोकणाच्या रांगा एकामागे एक उतरत जाताना दिसतात. तिथंच उगम पावणारी कृष्णा या जवळच्या समुद्राला पाठ करून पूर्वेला निघते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडत सुमारे १,४०० किलोमीटरनंतर समुद्राला मिळते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्या एका गोमुखातून पडतात अशी श्रद्धा आहे. त्यातली सावित्री पश्चिमेकडे उडी घेते, महाडवरून जाते आणि बाणकोटच्या खाडीत संपते. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेच्या. गोमुखाच्या धारेखाली ओंजळ धरून उभं राहिलं की त्या गड्याच्या तांब्याची आठवण येते.

माझं माहेर पूर्वेच्या पाख्यावर, सासर पश्चिमेच्या. मध्ये कुंभार्ली घाट. पंचवीसेक वर्षं एसटीनं हा घाट चढउतार करतेय. कराडहून निघालं की पाटण सोडेपर्यंत डोंगर दोन्ही बाजूंना अंतर राखून असतात, ऊस असतो, रस्ता चढतोय हे जाणवतही नाही. हेळवाकच्या पुढे जंगल अंगावर येतं आणि मग अचानक समोरची जमीनच संपते. पूर्वेकडून सह्याद्री हा डोंगर वाटतच नाही. तो पठाराचा काठ आहे. आपण नुसते चालत काठापर्यंत येतो आणि खाली बघतो. कोकणातून बघणाऱ्याला तोच सह्याद्री आभाळात घुसलेली काळी भिंत दिसतो. दोन्हीकडची माणसं त्याला एकाच नावानं हाक मारतात, पण त्यांच्या मनातलं चित्र एक नसतं. माझ्या सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगो, तुम्ही घाटावरचे लोक त्याच्या डोक्यावर बसलेले. तुम्हाला त्याचं तोंड कसं दिसणार?"

ही भिंत अशी उभी का, याचं उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले. कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात, ते हेच थर. पुढे भारताचा पश्चिमेकडचा भाग तुटून वेगळा झाला, समुद्र आत आला आणि पठाराला एक कापलेली कडा मिळाली. तेव्हापासून पश्चिमेच्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या ती कडा कुरतडत आहेत. त्यांचा उतार इतका की प्रत्येक पावसात त्या उगमाकडचा थोडा दगड, थोडी माती ओढून नेतात. त्यामुळे कडा पूर्वेकडे सरकत आली आहे. म्हणजे आढंसुद्धा जागचं हलतं. पूर्वेच्या काही दऱ्या माथ्याशीच ऐसपैस रुंद सुरू होतात, जणू त्यांची वरची टोकं कोणी कापून नेली असावीत. ती पश्चिमेच्या नद्यांनी नेली. माणसाच्या आयुष्यात हे सरकणं दिसत नाही. दिसते ती फक्त दरड.

पावसाचा हिशेबही हेच आढं करतं. समुद्रावरून आलेले ढग भिंतीवर आपटतात, वर चढताना गार होतात आणि काठावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईत तो हजाराच्या आत येतो आणि आणखी पूर्वेला माण-खटावमध्ये माणसं टँकरची वाट बघतात. एकाच जिल्ह्यातली ही गोष्ट. लहानपणी कराडहून पाटणकडं बघितलं की पश्चिमेचं आभाळ काळंकुट्ट असायचं आणि आमच्या अंगणात ऊन पडलेलं असायचं. पाऊस तिकडे, पूर इकडे. आमच्या नदीला पाणी चढायचं ते आम्ही न पाहिलेल्या पावसाचं.

कोकणाची तऱ्हा उलटी. चिपळूणला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गावचा पऱ्या कोरडा पडतो आणि विहिरीत बादली तळाला खडखडते. नवीन होते तेव्हा मला याचा राग यायचा. एवढा पाऊस जातो कुठे? तो जातो त्या आखूड, उभ्या पाख्यावरून सरळ खाडीत, बहुतेक सगळा चार महिन्यांत. काळा कातळ पाणी मुरू देत नाही. जांभा मुरू देतो, पण धरून ठेवत नाही. त्याच्या छिद्राछिद्रांतून ते दिवाळीपर्यंत पाझरतं आणि संपतं. उष्ण कटिबंधातल्या, मोसमी पावसावर जगणाऱ्या नदीचं हे दुखणं आहे. तिला बर्फाचा आधार नाही. चार महिन्यांची कमाई बारा महिने पुरवायची, ती फक्त मातीच्या, झाडांच्या आणि खडकाच्या पोटात साठवून. डोंगर बोडका झाला की साठवणही गेली.

पण वाशिष्ठी आटत नाही. एप्रिलमध्येही नाही. आजूबाजूच्या नद्यांची दगडगोट्यांची पात्रं उघडी पडलेली असताना ती चिपळूणच्या पुलाखालून दुथडी नाही तरी भरलेली वाहते. याचं कारण कळायला आढ्यापलीकडच्या कोयनेकडे परत जावं लागतं.

कोयनेचा मार्ग मुळातच वेगळा आहे. महाबळेश्वरातून निघालेल्या इतर पूर्वेच्या नद्या लवकर पूर्वेची वाट धरतात. कोयना मात्र कड्याला समांतर, दक्षिणेकडे, साठ-पासष्ट किलोमीटर वाहत राहते. उजव्या हाताला काही किलोमीटरवर कोकणाचा खोल तळ आहे आणि ती काठाकाठानं चालते आहे. हेळवाकपाशी तिला एकदम पूर्वेचं वळण मिळतं आणि ती पाटणवरून कराडला येते. तिथे उत्तरेकडून कृष्णा येते आणि दोघी समोरासमोर भेटतात. बहुतेक नद्या एकमेकींना तिरक्या मिळतात. या दोघी तोंडाला तोंड लावून मिळतात आणि काटकोनात वळून एकत्र पूर्वेला जातात. म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. तिथल्या घाटावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मी पोहायला शिकले ती त्याच घाटाच्या पाण्यात. कृष्णेच्या बाजूचं पाणी आणि कोयनेच्या बाजूचं पाणी पायांना वेगळं लागायचं. कोयनेचं जास्त गार असायचं. ते तसं का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

इंजिनिअर लोकांनी नकाशात वेगळी गोष्ट पाहिली. उंचावर वाहणारी, भरपूर पाण्याची नदी आणि तिच्या शेजारीच, एका डोंगराच्या जाडीपलीकडे, जवळजवळ पाचशे मीटरचा खड्डा. डोंगराला भोक पाडलं की झालं. ही युक्ती सह्याद्रीत तेव्हा नवी नव्हती. लोणावळ्याच्या वळवणचं पाणी खोपोलीला, ठोकरवाडीचं भिवपुरीला, मुळशीचं भिऱ्याला, असं पूर्वेचं पाणी पश्चिमेला टाकून मुंबईसाठी वीज करणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच चाललं होतं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला तो त्या धरणात जमिनी जाणार म्हणून. आज कोलाडला उन्हाळ्यातही कुंडलिकेत रबरी होड्या सोडतात, ते पाणी मुळशीचं. होडीतल्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवं असं मला वाटतं.

कोयनेचं धरण त्याच वाटेनं, पण खूप मोठं. हेळवाकजवळ देशमुखवाडीला १०३ मीटर उंचीची भिंत. मागे शिवसागर जलाशय, क्षमता १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. हे पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरतं, पोफळीला जमिनीखालच्या वीजघरांत कोसळतं, कोळकेवाडीला पुन्हा अडवलं जातं, पुन्हा वीज करतं आणि शेवटी वाशिष्ठीत सोडलं जातं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला जलाशय रिकामा न करता, तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगानं उडवला. तसंच पुन्हा २०१२ मध्ये केलं. हे काम थक्क करणारं आहे, त्यात शंका नाही. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणजे धरणातलं निम्म्याहून जास्त पाणी आढं ओलांडून उलट्या वळचणीला जातं.

वीजघरातून बाहेर पडलेल्या पाण्याला आमच्याकडे अवजल म्हणतात. सरकारी शब्द, पण आता चहाच्या टपरीवरही तोच. "आज अवजल कमी आहे," असं सासरे सकाळी नदीकडे बघून सांगायचे. म्हणजे पोफळीला मशिनं बंद आहेत. सणासुदीला कारखाने थांबले, विजेची मागणी उतरली, की इकडे नदी उतरायची आणि गावागावांच्या जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरी, पाण्याविना पडायच्या. चिपळूणच्या नळाला पाणी येईल की नाही हे पाऊस ठरवत नाही. दूरच्या शहरात किती पंखे फिरतायत त्यावर ते ठरतं. नैसर्गिक नदीचा पूर आणि ओसर पावसाप्रमाणे असतो. वाशिष्ठीचा उन्हाळ्यातला चढउतार माणसाच्या दिनक्रमाप्रमाणे असतो. खाली गोवळकोटला तर त्यात समुद्राची भरती-ओहोटी मिसळते. तिथे धक्क्यावर उभं राहून एकाच पाण्यात महाबळेश्वरचा पाऊस आणि दाभोळच्या खाडीचा खार एकत्र बघायला मिळतो. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात.

पाऊस कमी झाला की दर वेळी एकच प्रश्न उभा राहतो. शिवसागरातलं पाणी पश्चिमेला विजेसाठी सोडायचं की पूर्वेला शेतीसाठी राखायचं? सांगली-साताऱ्यात उसाची, पिण्याच्या पाण्याची काळजी असते. इकडे आमच्या जॅकवेल. माझ्या दादाचा फोन येतो, "तुमच्याकडे सगळं समुद्रात सोडतायत, आणि इथं उसाच्या पाण्याची बारी चुकतीय." त्याचं चुकत नाही. वीज करून झाली की आमच्या तोंडात पडतं ते थोडं, बाकीचं खरंच समुद्रात जातं. हे अवजल मुंबईला न्यावं अशीही चर्चा अधूनमधून निघते. मला विचाराल तर ज्या खोऱ्यातून ते आलं आणि ज्या खोऱ्यात ते पडतंय, त्या दोन्हींची तहान आधी मोजावी. तिसऱ्याचा विचार त्यानंतर.

पावसाळ्यात मात्र दोघांचेही फोन भीतीचे. २२ जुलै २०२१ ला पहाटे चिपळूण बुडालं. बाजारपेठेत यजमानांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. २००५ च्या पुराची रेघ त्यांनी भिंतीवर खूण करून ठेवली होती आणि सगळा माल तिच्यावर हातभर रचला होता. पाणी त्याही वर गेलं. वरून सह्याद्रीचा पाऊस, खालून भरती, मध्ये वर्षानुवर्षांच्या गाळानं उथळ झालेलं पात्र. पाण्याला जायला जागाच नव्हती. तीन दिवसांनी शटर उचललं तेव्हा भिजलेल्या वह्या फुगून एकमेकींत इतक्या घट्ट बसल्या होत्या की रॅकच्या लोखंडी पट्ट्या बाहेर वाकल्या होत्या. एक वही बाहेर काढायची तर पहार लागली. पानांत बोटभर चिखल. तांबडा. जांभ्याचा. डोंगराची माती.

त्याच दोन दिवसांत आढ्याच्या दोन्ही पाख्यांवर दरडी कोसळल्या. सावित्रीच्या खोऱ्यात महाडजवळ तळिये गाडलं गेलं. इकडे पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. आमचे फोन बंद होते. दादाला चिपळूणची काळजी आणि मला पाटणच्या नातेवाइकांची. मोबाइलला रेंज आली तेव्हा आम्ही दोघंही आधी एकमेकांवर ओरडलो.

आईबद्दल आतापर्यंत लिहिलं नाही. तिचं माहेर शिवसागराखाली आहे. धरणात शंभराच्या आसपास गावं उठली, त्यातलं एक. ती तेव्हा आठ वर्षांची होती. नाचणीची खाचरं, करवंदाच्या जाळ्या आणि देवळापुढचा दगडी नंदी, एवढंच तिला आठवतं. नंदी उचलून न्यायला ट्रकमध्ये जागा नव्हती. त्यांना पूर्वेला सपाटीवर जागा मिळाली, जिथे पाऊस आजीच्या शब्दांत "लाजत पडतो". जमिनीचा कागद हातात यायला मामाचं तरुणपण गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. आई तेव्हा कराडला चुलत्यांकडे शिकायला होती. मांडणीवरची सगळी भांडी एकदम खाली आली, आणि अंधारात आजोबा म्हणाले, "गावानं कूस बदलली." धरणात साठलेल्या पाण्याचा त्या भूकंपाशी संबंध शास्त्रज्ञांनी लावला आणि आज जगभरच्या अभ्यासात कोयनेचं नाव घेतलं जातं. आजोबांनी तो संबंध आपल्या परीनं त्याच रात्री लावला होता.

आई चिपळूणला पहिल्यांदा राहायला आली ती वैशाखात. संध्याकाळी तिला नदीवर घेऊन गेले. पायऱ्यांपर्यंत पाणी बघून ती थांबली.

"वैशाखात एवढं पाणी? इकडं वळीव झाला व्हय?"

"नाही गं. हे कोयनेचं. धरणातनं येतं, डोंगराच्या आतनं."

तिनं पाठीमागे, पूर्वेला बघितलं. संध्याकाळच्या उन्हात सह्याद्रीचा कडा तांबूस झाला होता, आडवे पट्टे एकेक मोजता येत होते. पदर खोचून ती दोन पायऱ्या उतरली, पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"गार हाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आमच्या गावावरनं आलंय की हे."

मी काही बोलले नाही.

"परत कुठं जातं?"

"दाभोळला. समुद्रात."

तिनं ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं, उरलेलं पायांवर सोडलं. वर येताना तिला हात द्यायला मी पुढे झाले, तर तिनं ओला हात पदराला न पुसता तसाच माझ्या हातात दिला.